अठ्ठाविसाचा फेरा

मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात जे जे भारी म्हणून मिरवलं जातं, ते नागपूरहून आणलेलं असतं. लग्नाचा शालू नागपूरचा, हृदयाचा डॉक्टर नागपूरचा, आणि पोरीला बघायला येणारा मुलगाही जमल्यास नागपूरचाच. संत्री तेवढी इथली, पण तीसुद्धा ट्रकात बसून नागपूरला जातात, तिथे 'नागपुरी' होतात आणि मग त्यांना भाव येतो. तेव्हा निवृत्तीनंतर मला कॅरव्हॅन घ्यावीशी वाटली आणि तीही जुनी, नागपूरहून, यात गावाच्या रीतीबाहेरचं काही नव्हतं. रीतीबाहेरचं होतं ते तिचे कागद स्वतः करण्याचं. पण त्याकडे येतोच.

हे वेड मोबाइलमधून आलं. एक नवरा-बायको बर्फाच्या डोंगरापाशी गाडी उभी करतात, मागचं दार उघडून पोहे करतात आणि तिथेच झोपतात, असं मी रोज रात्री बघू लागलो. त्यातच महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कारवां पर्यटनाचं धोरण आणलेलं. मी बायकोला म्हटलं, "सरकारसुद्धा म्हणतंय." ती शेजारच्या सौंसरची. सौंसरची माणसं पांढुर्ण्याच्या माणसाला थेट नाही म्हणत नाहीत, फक्त एक प्रश्न विचारतात. तिने विचारलं, "आणि संडास?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तरी गाडी घेतली. नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी तेरा आसनांची ट्रॅव्हलर खासगी वापरासाठी नवी घेतली होती. पुढे त्यांनी तिच्यातल्या सीटा काढून सुतार बसवला. म्हणजे सुताराने सगळं बसवलं: एक लांब पलंग, खाली कप्पे, भिंतीतून उघडणारं टेबल, स्टीलचं बेसिन, मोटरीने पाणी येणारा नळ, आणि काचांना फुलाफुलांचे पडदे. मी नळ चालू करून पाहिला. टेबल तर कितीदा उघडून मिटलं. पडद्यांचं कापड धुतल्यावर आटतं का, तेही विचारलं. कागदांबद्दल ते आपणहून म्हणाले, "पेपर एकदम क्लिअर आहेत," आणि मला ते पुरलं. पेन्शनचा विकलेला हिस्सा त्यांच्या खात्यात गेला आणि पांढरीशुभ्र, आत एकच पलंग असलेली ती लांबलचक गाडी एका संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. शेजारचे काका लगबगीने बाहेर आले, आत डोकावले, टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "कोण गेलं जी?"

आता कागद. आमच्याकडे एमएच-३१, एमएच-४०, एमएच-४९ या नागपूरच्या आणि एमएच-२७ या अमरावतीच्या नंबरांच्या गाड्या वर्षानुवर्षं फिरतात. कोणाच्या मेव्हण्याची असते, कोणाच्या साडूची असते, आणि नावावर करायची गोष्ट निघाली की "करू ना बाप्पा, घाई काय" असं म्हटलं जातं. ज्याला करायचंच असतं तो एजंटला पैसे देतो आणि घरी जाऊन झोपतो. मी यातलं काहीच करणार नव्हतो, कारण मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आहे. ज्याने पोरांना मूलभूत कर्तव्यं पाठ करायला लावली, त्याने एजंट लावायचा?

मी मोटार वाहन कायदा, १९८८ विकत आणला आणि लाल पेनने खुणा केल्या. कलम ४७ : दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्या राज्यात ठेवली, तर नवा नंबर घ्यावा लागतो. कलम ४८ : त्यासाठी आधी जुन्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र. कलम ५० : गाडी विकली की विकणाऱ्याने कळवायचं, राज्यातल्या राज्यात असेल तर १४ दिवसांत, बाहेर जात असेल तर ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २८ एनओसीचा, २९ विक्री कळवण्याचा, ३० नाव चढवण्याचा, आणि नव्या नंबरासाठी २७. इतकं सुबक आहे हे की मला परीक्षेत विचारावंसं वाटलं. चहाच्या टपरीवर मी ते सगळ्यांना समजावून सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "मास्तर, यात गाडी कोणत्या फॉर्मात येते?"

फॉर्म २८ वर गाडीच्या चॅसी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. चॅसीवर जो नंबर ठोकलेला असतो, त्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो, तसंच. मी एक छानशी पेन्सिल टोकदार करून घेतली, इथेच पहिली पाचर बसली. छापाला टोक नको, बोथट पेन्सिल आडवी धरायची असते. पण ते कळण्याआधी नंबर सापडायला हवा होता.

नंबर पुढच्या उजव्या चाकाजवळ असतो, असं नागपूरच्या आरटीओ कार्यालयात मला पहिल्याने सांगितलं. दुसऱ्याने डाव्या चाकाजवळ सांगितलं. तिसरा नुसता हसला. त्या कार्यालयाच्या बाहेर धुळीत वर्तमानपत्र अंथरून मी गाडीखाली शिरलो. माझ्या वयाचा, धोतर नाही पण धोतर शोभेल अशा वळणाचा माणूस गाडीखाली गेला की लोक जमतात. आधी त्यांना वाटलं अपघात झाला. मग एकाने माझे पाय हलताना पाहिले आणि सल्ले सुरू झाले. "घासलेट मारा जी." "सँडपेपर घ्या." "नको बे, सँडपेपरनं आकडाच जाईन, मंग गाडी चोरीची होते." मातीचा थर, त्याखाली गंज, त्याखाली जुन्या मालकांनी हौसेने मारलेला काळा रंग, आणि त्याखाली सुताराने बेसिनच्या पाइपासाठी ठोकलेली पट्टी. सतरा अक्षरं-आकड्यांपैकी शेवटचे तीन त्या पट्टीखाली गेलेले. मी खालून ओरडलो, "स्क्रू ड्रायव्हर!" वरून कोणीतरी नळ सुरू करून पाहिला. टाकीत अजून पाणी होतं.

छाप मिळाला. तो फॉर्मवर चिकटवून मी ओल्या सदऱ्याने खिडकीपाशी उभा राहिलो. आतल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि मला बसायला खुर्ची दिली. सरकारी खिडकीपाशी खुर्ची मिळाली की समजावं, बातमी मोठी आहे. "काका, एचपी आहे हिच्यावर." गाडीवर कर्ज होतं. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवरून बँकेचं नाव काढायचं राहिलं होतं. त्याला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. जुने मालक सज्जन, ते लगेच माझ्याबरोबर आले. बँक मात्र उरली नव्हती. मधल्या काळात ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली होती आणि ज्या टेबलावर पत्र मिळायचं तिथे आता विमा विकायला एक मुलगा बसत होता. त्याने पत्राऐवजी मला एक पॉलिसी विकली. पत्र पुढे मिळालं. पॉलिसीचा हप्ता अजून जातो.

या फेऱ्यांमध्ये वाट बघत बसण्याचा वेळ भरपूर असतो, आणि नागरिकशास्त्राचा मास्तर रिकामा बसला की इतिहासात शिरतो. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी. जुन्या मध्य प्रदेशात आम्ही सगळे एकत्र होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा राहिला मध्य प्रदेशात, आणि त्याच्या पोटात मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसरही राहिले. राजधानी शंभरेक किलोमीटरवरून उठून भोपाळला गेली. माझ्या आजोबांचा एक दावा तेव्हा नागपूरच्या कोर्टात चालू होता. ते तारखेला गेले तर नागपूर परराज्यात. त्यांच्याकडे कोणी फॉर्म २८ मागितला नाही, चॅसीचा छाप घेतला नाही, 'हरकत आहे का' एवढंही विचारलं नाही. अख्खं शहर एका रात्रीत बदली झालं आणि मी एक गाडी पलीकडून अलीकडे आणायला बोथट पेन्सिल घेऊन हिंडत होतो. हे मी शेजारच्या बाकावरच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा टोकन नंबर गेला जी मगाशीच."

एनओसी हातात आली तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. साल २०२३. आता गाडी कुठे ठेवायची? आमची गल्ली अरुंद आणि घर जाम नदीच्या बाजूला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीवर गोटमार होते. पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. ज्या गावाच्या परंपरेत गोटा आहे, त्या गावात एवढ्या काचांची वस्तू नदीकाठी ठेवू नये, हे मला मास्तर नसतो तरी कळलं असतं. तेव्हा गाडी सौंसरला, सासऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात नेऊन लावली. सासरे गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "जावईबापू, घर नाही काय तुम्हाले?"

बगीच्यात आंबिया बहराची फळं झाडावर होती. अशा वेळी राखण लागते, माकडं येतात, रानडुकरं येतात, आणि दोन पायांचेही येतात. राखणदार आधी ताडपत्रीच्या खोपीत झोपायचा. मोठ्या पावसात खोपी बसली. सासऱ्यांनी त्याला सांगितलं, "दोन दिवस त्या गाडीत झोप." पुढच्या वेळी मी गेलो, तर गाडीच्या दारापाशी तुळस. आत पलंगावर त्याची बायको तूर निवडत बसलेली, भिंतीतल्या टेबलावर पोरगा अभ्यास करत असलेला, बेसिनला कोथिंबिरीची जुडी, डॅशबोर्डवर जामसावळीच्या हनुमंताची तसबीर, आणि चालकाच्या आसनावर एक कोंबडी, तिथून उठायचा अजिबात विचार नसलेली. मोबाइलवर रात्र-रात्र बघितलेलं कॅरव्हॅनचं जे आयुष्य, ते माझ्याच गाडीत, माझ्याच पडद्यांआड सुरू होतं. संडासाचा प्रश्नही त्या कुटुंबाला पडला नव्हता, बगीचा मोठा आहे. त्याने मला चहा दिला. परत निघताना म्हणाला, "येत जा जी मधामधात."

आता राहिली इकडची पासिंग. छिंदवाड्याच्या कार्यालयाबाहेर छत्रीखाली टेबल मांडून बसलेल्या तरुणाने मला लांबूनच वाकून नमस्कार केला. माझा विद्यार्थी. नापास झालेला असता तर मला बरं वाटलं असतं, पण हा वर्गात पहिला यायचा, नागरिकशास्त्रात तर त्याला मी पैकीच्या पैकी दिले होते. आता एजंट होता. मी त्याला म्हटलं, "मी सगळे फॉर्म स्वतः भरलेत." त्याने ते चाळले. "अक्षर अजून तसंच आहे सर," म्हणाला, "पण गाडी आतून पाहिली काय हो कोणी?"

मला हा प्रश्न खटकला, पण थांबेल तो मास्तर कसला? तपासणीच्या दिवशी भल्या सकाळी मी बगीच्यात गेलो. राखणदाराच्या बायकोने तूर गोळा केली, पोराने दप्तर उचललं, तसबीर मी स्वतः काढून कपाळाला लावून त्यांच्या हाती दिली. कोंबडी तेवढी गाडीला लोंबकळत राहिली, ती रामाकोन्याच्या अलीकडे उतरवली. मग सिल्लेवानीचा घाट, कप्प्यांची दारं वळणावळणावर उघडत आणि मिटत, आणि मी मनात कलमं म्हणत.

तपासणारे साहेब तरुण होते, शांत होते. त्यांनी चॅसी नंबर जुळवला, इंजिन नंबर जुळवला, आणि दार उघडून आत चढले. बराच वेळ काही आवाज नाही. मग नळ सुरू झाल्याचा आवाज. मग ते बाहेर आले, एका हातात आरसी आणि दुसऱ्या तळहातावर एक अंडं.

"मास्टरजी," ते म्हणाले, "काग़ज़ में तेरह सीटें हैं. अंदर दो हैं, और यह."

विद्यार्थ्याने मला छत्रीखाली बसवलं आणि शिकवायला घेतलं. मी एरवी कोणाचं इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही. आरसीवर गाडीचा वर्ग होता 'ओम्नी बस, खासगी वापर'. कलम ५२ : उत्पादकाने जी गाडी जशी दिली, तिच्या नोंदीतल्या तपशिलांत मालकाने मनाने फेरफार करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठणकावून सांगितलं. कॅरव्हॅन करताच येत नाही असं नाही. तिच्यासाठी एआयएस-१२४ नावाचं मानकच आहे, सरकारी नोंदीत 'कॅम्पर व्हॅन' असा स्वतंत्र वर्गही आहे. पण ती त्या मानकाने तपासून, मंजूर होऊन नोंदलेली हवी. सुताराने प्लाय आणि सनमायका लावला म्हणजे बसची कॅरव्हॅन होत नाही. मी माझ्या पुस्तकात ५२ वर खूण केली होती का, ते पाहिलं. ४७, ४८, ५० लाल होती. ५१ वर चहाचा डाग. ५२ कोरं.

"मग आता?" मी विचारलं.

"दोन रस्ते आहेत सर. एक तं मंजुरी, म्हणजे जिथून निघाले तिथूनच परत सुरू करा लागन." त्याने जरा थांबून माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. "नाही तं सीटा बसवा."

तेव्हा मी सीटा शोधायला निघालो. ट्रॅव्हलरच्या जुन्या सीटा कबाड्यांकडे मिळतात, पण एका गाडीच्या सगळ्या एकत्र कधी मिळत नाहीत. काही मरून रंगाच्या रेक्झिनच्या मिळाल्या, त्या म्हणे एका शाळेच्या गाडीतल्या, आणि मागच्या बाजूला कंपासने कोरलेली नावं वाचून ते पटलं. काही निळ्या, जरीच्या झालरीच्या, त्या नक्कीच वरातीतल्या. एका सीटच्या पाठीवर रंगाने 'केवळ महिलांसाठी' लिहिलेलं. कबाडीवाला म्हणाला, "पुसून देऊ?" मी म्हटलं, असू दे, कुठे तरी कायद्याचा धाक हवा.

पलंग काढताना सुतार जवळजवळ रडला. नागपूरचा नव्हे, सौंसरचा सुतार, पण दुसऱ्या कारागिराचं चांगलं काम उचकटताना त्याला वाईट वाटत होतं. पलंग, टेबल, बेसिन, नळ, मोटर सगळं बगीच्यातच उतरवलं. आठवड्याच्या आत राखणदाराने त्याची खोपी नव्याने उभारली, कुडाच्या भिंती, वर पत्रा, आणि आत सगळं जसंच्या तसं. टेबल भिंतीतून उघडतं, नळाला बगीच्याच्या टाकीचं पाणी येतं, पडदे लागलेत. धुतल्यावर आटत नाहीत, खरं बोलले होते ते गृहस्थ.

गाडी पास झाली. साहेबांनी सीटा मोजल्या, 'केवळ महिलांसाठी'पाशी जरा थबकले, आणि सही केली. विद्यार्थ्याने फी घेतली, रीतसर पावती दिली आणि पावतीवर 'सरांसाठी' म्हणून शेवटचे शून्य खोडले. आजीवन कर भरला. फॉर्म २८ ने सुटलेली गाडी एमपी-२८ झाली. २८ हा छिंदवाड्याचा नंबर. मला या जुळण्यात काहीतरी शुभ दिसू लागलं होतं, तेवढ्यात जिल्हाच हलला. ऑगस्टमध्ये जामसावळीत पांढुर्णा जिल्हा करण्याची घोषणा झाली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो झालाही, आणि सौंसर त्यात आलं. म्हणजे एवढं सगळं करून गाडीला छिंदवाड्याची करून घेतली, आणि मी, सासरे, बगीचा, राखणदार, कोंबडी, आम्ही सगळे दुसऱ्याच जिल्ह्यात. आमची बदली कोणी तपासणी न करता केली, आतल्या सीटासुद्धा मोजल्या नाहीत. शेजारचे काका म्हणाले, "आता नवा नंबर घ्या लागते काय जी?" राज्य तेच असल्यामुळे लागत नाही, हे मी त्यांना कलम सांगून पटवलं. पुस्तक आता पूर्ण वाचलं आहे.

आरसीचं कार्ड बायकोने हातात घेऊन उजेडाकडे धरून वाचलं. "चालकासह तेरा," ती म्हणाली, आणि शनिवारी जामसावळीच्या दर्शनाला कोणाकोणाला न्यायचं त्याची यादी करायला बसली. तिचे आई-वडील, दोन भाऊ, दोघींपैकी एक भावजय, दुसरी रुसेल म्हणून तीही, त्यांची पोरं, लोधीखेड्याची मावशी, मावशीला एकटीने गाडी लागते म्हणून सोबतीला तिची जाऊ. बारा सौंसरकर झाले, त्यात ती स्वतः.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही चालक," ती म्हणाली. "रविवारी माझ्या मामेभावाकडे साक्षगंध आहे, त्यांनीही विचारलंय. डिझेल भरून ठेवा."

"डिझेल देणार आहेत का ते?"

"तसं घेता नाही येत म्हणे," ती म्हणाली. "गाडी खासगी वापराची आहे ना. तुमच्या त्या विद्यार्थ्यानंच सांगितलं."